पांढरीतला ऐवज

पांढरीची माती. घोड, प्रवरा, गोदावरी, तापी यांच्या काठाने जाताना काळ्याभोर रानात मध्येच एखादे राखेच्या रंगाचे टेकाड दिसते. चुलींची राख, शेण, हाडे, पडलेल्या भिंतींची माती असे सगळे शेकडो वर्षे एकावर एक साचून ते उभे राहिलेले असते. पिकाला ही माती मानवते, म्हणून पूर्वीपासून शेतकरी ती नेत आले. धाब्याच्या घरांवरही तीच पसरत. पण तेव्हा पाट्या आणि बैलगाड्या होत्या. आता टेकाडाला जेसीबी लागतो आणि बघता बघता ट्रॉल्या भरतात. जोर्वे, नेवाशाची लाडमोड टेकडी, चांडोली, दायमाबाद, इनामगाव. महाराष्ट्राचे पहिले शेतकरी ज्या गावांमुळे कळले, ती सगळी अशाच मातीत होती. त्या लोकांनी एक अक्षरही लिहून ठेवले नाही. ते स्वतःला काय म्हणवत, हे कधीच कळणार नाही. संगमनेरजवळच्या जोर्वे गावात १९५०-५१ मध्ये त्यांची भांडी ओळखू आली, म्हणून आपण त्यांना जोर्वे संस्कृतीचे लोक म्हणतो. त्यांची सगळी कैफियत या मातीत आहे. गेल्या काही दशकांत चमचाभर मातीतून, एका दातातून, भांड्याच्या आतल्या काजळीतून ती वाचता येऊ लागली, आणि त्याच दशकांत ही माती रानोमाळ पांगते आहे. कमीअधिक वेगाने जे जाते आहे, त्यातले काही इथे टिपून ठेवतो.

खापर. जोर्वे भांडे हातात घेतले की कारागिराचा हात कळतो. लाल अंग, त्यावर काळ्या रंगाच्या रेघा, खांद्याला तोटी. भट्टीत इतके कडक भाजलेले की टिचकी मारली तर धातूसारखे वाजते. अशी खापरे पांढरीवर पायाखाली येतात. नांगरटीत दरवर्षी त्यांचे आणखी तुकडे होतात.

खापराच्या आतला लेप. उत्खननात निघालेली खापरे ब्रशने घासून धुवायची, उन्हात वाळवायची, आतल्या बाजूला शाईने क्रमांक टाकायचा, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. त्या काळी ती योग्यच होती, कारण आकार आणि नक्षी पाहून काळ ठरवायचा होता. आता कळते की त्या पाण्याबरोबर स्वयंपाकही वाहून गेला. हरियाणातल्या फरमाणा येथे अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांना हडप्पाकालीन माणसाच्या दातांवरच्या किटणात आणि स्वयंपाकाच्या भांड्यात पिष्टाचे सूक्ष्म कण मिळाले. ते आल्याचे आणि हळदीचे होते. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी चुलीवर आले-हळद घालून काही शिजवले, कुणीतरी ते खाल्ले, आणि त्याची नोंद दात नीट न घासल्यामुळे राहिली. मातीचे भांडे सच्छिद्र असते, त्याच्या अंगात चरबी मुरते. वायव्य भारतातल्या हडप्पाकालीन खापरांतली अशी चरबी वेगळी काढून डुक्कर, गुरे, शेळ्यामेंढ्या इथपर्यंत ओळख पटवण्याचे काम २०२१ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. म्हणजे मुरलेले काही वाचते. पृष्ठभागावरचे मात्र एका धुण्यात जाते.

दोरा. जे टिकायलाच नको होते, त्याची ही नोंद. नेवाशाला एका पुरलेल्या लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. मण्यांच्या भोकात दोऱ्याचा बारकासा तुकडा अडकून होता. दोरा मातीत काही वर्षांत कुजतो. इथे तांब्याचे क्षार त्यात उतरले आणि किडीबुरशीला त्यांनी लांब ठेवले. कापडतंतूंचे अभ्यासक ए. एन. गुलाटी यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. रेशीम, आणि त्याबरोबर कापूस. चांडोलीच्या अशाच माळेत जवसाच्या तंतूंचा दोरा निघाला. बी पेरून, कापून, धागा वळून, मणी ओवून कुणीतरी ती लेकराच्या गळ्यात बांधली असणार. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या वस्त्रांविषयी आपल्याकडे जो डोळ्यांनी दिसणारा पुरावा आहे, तो नखाएवढा आहे. सापडलेला तांब्याचा मणी चकचकीत करावासा वाटणे स्वाभाविक आहे. पण हिरवा गंज गेला की आतला दोराही जातो.

इनामगावची मुले. पुण्याच्या पूर्वेला शिरूरजवळ, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे खोदकाम केले. ह. धी. सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी, म. के. ढवळीकर ही त्यामागची माणसे. इ.स.पू. १६०० च्या सुमारास वस्ती बसली आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास उठली. शंभराहून अधिक घरे, दोनशेहून अधिक दफने. त्यांतली बहुसंख्य दफने मुलांची. दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, त्यांत मूल. खड्डा घराच्या आतच, जमिनीखाली. वर चूल पेटत राहिली, माणसे जेवत-झोपत राहिली.

मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोके करून उताणे पुरत. घोट्यापासून खालची पावले तोडलेली असत. मेलेल्याने उठून जाऊ नये, घरातच राहावे म्हणून असे केले असावे, असा अर्थ उत्खनकांनी लावला. मला तो पटतो, पण तो अर्थच आहे, पुरावा पावलांपाशी थांबतो. एका माणसाची पावले मात्र शाबूत होती. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात, मांडी घालून बसवलेला चाळिशीचा पुरुष. घराशेजारी धान्याचे कोठार. हा गावचा प्रमुख असावा, असे उत्खनकांचे मत. सातूचे पीक मुख्य, त्याबरोबर गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. नदीच्या बाजूला बांध आणि पाण्याचा चर. पुढे उत्तर जोर्वे काळात चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस आटला, शेती खचली, लोक पुन्हा शिकार आणि गुरांवर आले, असे ढवळीकरांनी मांडले.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना शाळा-कॉलेजात कळलेली असते. पुढची गोष्ट हाडांनी सांगितली. दात जबड्यात घडत असताना मूल आजारी पडले किंवा उपाशी राहिले तर दाताच्या कवचावर आडवी खाच राहते. दात पुन्हा घडत नाही, म्हणून ती खाच जन्मभर राहते, आणि मेल्यावरही. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या दातांवर अशा खुणा आणि कीड तपासली. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगावच्या बालकांची हाडे मोजून २०११ मध्ये पुस्तक लिहिले. दातावरून मुलाचे वय ठरते, मांडीच्या हाडावरून वाढ. दोहोंचा मेळ बसला नाही की मूल खुरटले होते असे समजायचे. उत्तर जोर्वे काळातल्या मुलांत ही ओढाताण अधिक दिसली. गाव उठण्याआधी गावाची मुले अशक्त होत गेली होती, हे आज कुणी सांगू शकले ते त्या आईबापांनी लेकरे मडक्यांत जपून ठेवली म्हणून.

पावसाचे काय, हा वाद अजून चालू आहे. लोणारच्या तळ्याच्या गाळात नळी घालून काढलेल्या गाभ्यात गेल्या अकरा हजार वर्षांच्या पावसाची उतरंड मिळाली. तिच्यात दीर्घ कोरडे काळ दोन दिसतात, एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. इनामगावची पडती या दोहोंच्या मधे येते. म्हणजे एकट्या दुष्काळावर सगळे ढकलता येत नाही. जमीन थकली का, माणसे वाढली का, की तिन्ही गोष्टी एकदम आल्या? याचे उत्तर काढायला आणखी गावे लागतील, आणखी मुले लागतील. ती पांढरीत आहेत, जिथे पांढर शिल्लक आहे तिथे.

मातीची डबी. इनामगावच्याच एका घरात जमिनीखाली मिळालेली. लंबगोल, झाकणाची, कच्च्या मातीची. आत बिनडोक्याची स्त्रीमूर्ती, झाकणावर डोके असलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल. पहिलीला आणि बैलाला अशी भोके की काडीने तिला बैलावर बसवता यावे. न भाजलेली माती पाण्यात विरघळते. फावड्याखाली तर तिचे ढेकूळच होते आणि ते ढेकूळ कुणाच्या लक्षातही येत नाही.

वस्तूची जागा. दायमाबादला, प्रवरेच्या काठी, १९७४ मध्ये तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना चार कांस्यमूर्ती मिळाल्या: दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यावर उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. भरीव ओतीव काम, सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोहून अधिक. रथातल्या माणसाचे उभे राहणे एकदा पाहिले की विसरत नाही. एवढ्या तोलामोलाचे तांबे-कांस्यकाम त्या काळच्या दख्खनमध्ये दुसरे नाही. त्यांचे वय मात्र अजून वादात आहे. नंतर एस. ए. साळी यांनी तिथे रीतसर उत्खनन केले आणि त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. धातूतले आर्सेनिकचे प्रमाण पाहून डी. पी. अग्रवाल यांनी शंका घेतली. वाद मिटत नाही, कारण मूर्ती निघाल्या तेव्हा त्या कोणत्या थरात होत्या, बाजूला कोणते खापर होते, कोळसा होता का, हे कुणी पाहिलेले नव्हते. दोष त्या शेतकऱ्याचा मुळीच नाही. वस्तू मिळाली, पण तिची जागा एकदाच असते आणि ती त्या दिवशी गेली.

गेंडा. दायमाबादच्या कांस्यात आहे, कोकणच्या कातळावर कोरलेला आहे. आज महाराष्ट्रात नाही.

हाडातला डीएनए. थंडी त्याला राखते, उष्मा आणि ओल त्याचे तुकडे करतात. सायबेरियात अल्ताई डोंगरातल्या डेनिसोव्हा गुहेत २००८ मध्ये करंगळीच्या टोकाचे एक हाड मिळाले आणि २०१० मध्ये त्यातून माणसांची एक पूर्ण अनोळखी जमात उभी राहिली. तेव्हा कवटी नव्हती, चेहरा नव्हता, फक्त जनुके. २०१७ मध्ये गुहांच्या नुसत्या मातीतूनही निअँडरथल आणि डेनिसोव्हन माणसांचे डीएनए काढून दाखवले गेले, जिथे हाड मिळाले नव्हते तिथेही. आपल्याकडे राखीगढीच्या हडप्पाकालीन कबरस्तानातल्या ६१ नमुन्यांची तपासणी झाली आणि एका स्त्रीचीच जनुके वाचता आली. कवटीतल्या, कानाच्या आतल्या अंगाच्या सर्वांत घट्ट हाडाने ती राखली होती. वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २०१९ चा. तिच्यात स्टेप प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नव्हता. त्यावरून आर्यांच्या जुन्या वादाला धरून देशात पुष्कळ आवाज झाला, प्रत्येकाने आपल्या मताला ती बाई साक्षीला उभी केली. मला त्यात ६१ हा आकडा जास्त बोलका वाटतो. साठ नमुने आपण वाचू शकलो नाही. दख्खनच्या उन्हात हे गणित आणखी अवघड होते, आणि उघड्या पडलेल्या, पावसाने भिजलेल्या, उन्हाने तडकलेल्या हाडात दर उन्हाळ्याला थोडे कमी उरते.

नर्मदेचे गोटे. तेव्हाच्या होशंगाबादच्या पुढे हथनोरा येथे १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना नदीकाठच्या गोट्यांच्या थरात कवटीचा वरचा भाग मिळाला. भारतातला आद्य मानवाचा महत्त्वाचा जीवाश्म तो एवढाच, आणि बरोबर नंतर मिळालेली थोडी हाडे. दगडी हत्यारे मात्र देशभर लाखांनी. हत्यारांचे धनी नदीच्या वाळूगोट्यांतच असणार, आणि वाळू तर सगळ्या नद्यांतून उपसली जाते आहे.

शिळावर्तुळे. नागपूरच्या आसपास, जुनापाणीच्या माळावर शेकडो. काळ्या दगडांचे रिंगण, मधे माती-मुरमाचा उंचवटा, खाली लोहयुगातले दफन. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच काही उघडली. माहूरझरीला शां. भा. देव यांच्या उत्खननात माणसाबरोबर पुरलेला घोडा निघाला, त्याच्या तोंडावर तांब्याचा साज होता. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. पण ही माणसे राहत कुठे, कबरी एवढ्या आणि घरे इतकी थोडी का, हे कोडे सुटायला रिंगणांच्या मधल्या मोकळ्या जागाही हव्यात. शहर वाढते, माळावर प्लॉट पडतात, खडीसाठी दगड उचलले जातात. रिंगणातला एक दगड हलला तरी जवळून बघणाऱ्याला ते कळत नाही. पाच हलले की तो नुसता दगडांचा ढीग.

सडा. रत्नागिरी, राजापूर, लांज्याचे जांभ्याचे उघडे पठार. गवत वाळले की कातळावर रेघा वर येतात. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब, त्याच्या अंगात आणखी प्राणी कोरलेले. रुंढ्ये तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण, उक्षी, कुडोपी, गोव्यातले फणसामळ आणि ही कशेळी, अशी नऊ ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. देवाचे गोठण्याला कोरलेल्या माणसाजवळ होकायंत्राची सुई भरकटते. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती पायी हिंडून, गुराख्यांना विचारून शिल्पे शोधत गेले. त्यांच्याइतके हे काम कुणी केलेले नाही. गावाने कित्येक ठिकाणी या रेघांना नाव दिले होते, हळदकुंकू वाहिले होते, पण त्या किती जुन्या, हे पुसट होते. कोरलेल्या दगडात कोळसा नसतो, म्हणून वय काढायचे तर आजूबाजूची माती, तिच्यातली गारगोटीची हत्यारे, जवळच्या गुहांतले थर यांवरूनच. नुसते शिल्प वाचवून भागत नाही, भोवतालचा सडा लागतो. सड्याला मात्र खाणीचा भाव आहे. चिऱ्याची खाण लागली की करवत कातळाच्या वरच्या हातभर थरातूनच सुरू होते, आणि शिल्प असते ते वरच्या दोन बोटांत. उक्षीच्या हत्तीभोवती संरक्षक बांधकाम झाले. सगळ्या सड्यांना तसे कुंपण घालता येणार नाही, तेव्हा खाणीचा परवाना देण्याआधी कातळ झाडून पाहायचा, एवढा साधा नियम तरी व्हायला हवा.

गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळचे शिल्पपट १९९३ मध्ये उजेडात आले, बैल, नाचणारी माणसे, एक चक्रव्यूह. पुराच्या पाण्याने ते घासले जात आहेत.

निहाली. ही जमिनीत नाही. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात, सातपुड्याच्या पायथ्याला दोन-अडीच हजार माणसे ही भाषा बोलतात. तिच्यात कोरकू आहे, मराठी आहे, हिंदी आहे, द्राविडी शब्दही आहेत. ते सगळे बाजूला काढले तर सुमारे पाव हिस्सा असा उरतो की त्याचे नाते जगातल्या कुठल्याही भाषेशी जुळत नाही. डच विद्वान कुइपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला, अलीकडे डेक्कन कॉलेजच्या भाषाशास्त्र विभागाने नोंदणी केली. आर्य, द्राविडी, मुंडा या सगळ्या भाषा इथे पसरण्याआधी जे बोलणे होते, त्याचा हा उरलेला कोपरा असू शकेल. जनुकांतून भाषा कळत नाही, हाडातून शब्द निघत नाही. इनामगावच्या त्या रांजणातल्या पुरुषाला गाव काय म्हणून हाक मारी, हे कुठल्याही यंत्राला सांगता येणार नाही. निहाली बोलणारी घरे आज आहेत. घरातल्या मुलाने शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि शेजारी कोरकू बोलायची, तर निहालीसाठी जागा फार थोडी राहते, आणि मुलाला चार भाषा येतात हे चांगलेच आहे. म्हणून त्या घरांतल्या आजीआजोबांच्या तोंडचे शब्द, गोष्टी, झाडांची आणि पाखरांची नावे आत्ताच ध्वनिमुद्रित व्हायला हवीत, तीही तिथल्याच मुलांकडून, पगार देऊन.

आणि पांढरीजवळ ज्यांची शेते आहेत त्यांना विनंती. नांगराला मडके लागले तर ते उपसू नये, आत हाड असेल तर हात लावू नये, खापर धुऊ नये, मणी घासू नये. कोणत्या गटात, किती खोलीवर, कशाच्या बाजूला, हे लिहून मोबाईलवर दोन फोटो काढावेत, फोटोत खुणेला पट्टी किंवा नाणे ठेवावे, आणि तलाठ्याला, तहसीलदाराला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले काही मिळाले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारकच आहे. कळवले की जमीन जाते, ही भीती गावोगाव आहे, आणि ती दूर करणे सरकारचे काम आहे: पीक बुडाले तर त्याची भरपाई, शोधणाऱ्याचे नाव संग्रहालयाच्या पाटीवर, आणि माणूस त्याच आठवड्यात जागेवर हजर.